गाडी लोअर करताय? पान्याआधी मोजायचा टेप काढा

लोअर केल्यावर, म्हणजे बुटक्या स्प्रिंग टाकून खाली बसवल्यावर, माझी गाडी पहिल्यांदा घासली ती स्पीडब्रेकरवर नाही, घराजवळ. नागपुरात मानेवाड्याकडे आमचा मोठा रस्ता सिमेंटचा झाला, वर आला. गल्ली होती तिथंच राहिली. नवीन स्प्रिंग टाकून चौथा दिवस. मागे आई, डिकीत महिन्याचा किराणा, आणि गल्लीत उतरताना खालून असा खर्रर्र आवाज आला, की पानठेल्यावरचे चौघंही वाकून पाहू लागले. "भाऊ, चेंबर पाहून घ्या बरं!" चेंबर म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी.

गॅरेजवाल्यानं काम चोख केलं होतं. बेरीज-वजाबाकी माझी चुकली होती.

कंपनीच्या कागदावर ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे जमीन आणि गाडीचं बुड यांतलं अंतर, १७० मिमी. तो रिकाम्या गाडीचा, हे पहिलं विसरलो. स्प्रिंग ३० मिमी खाली नेणाऱ्या, म्हणजे राहिले १४०, असं धरून चाललो होतो. पण दिवाळीत टायर बदलले होते ना! १८५/६५ आर १५ काढून १९५/५० आर १५. रुंद दिसतात, झकास दिसतात. पण टायरची उंची ६२१ मिमीवरून ५७६ वर येते आणि त्याच्या निम्मी, म्हणजे जवळपास २३ मिमी, गाडी खाली बसते. उरले ११७. चार माणसं बसली की त्यातलेही जातात. (स्पीडोमीटरही तेव्हापासून ८० दाखवायचा तेव्हा गाडी ७४ नेच पळायची, ते वेगळंच.)

आता आयआरसीच्या (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) मापातला स्पीडब्रेकर १० सेंमी उंच, पण ३.७ मीटर रुंद असतो. त्यावरून गाडी सावकाश निघून जाते. आपल्या गल्ल्यांमध्ये मात्र उरलेली रेती-गिट्टी ओतून एका रात्रीत जे उभे राहतात ते अरुंद आणि उभे. पुढची चाकं उतरलेली, मागची चढायची, आणि मधलं बुड त्यावर टेकलेलं. म्हणून आधी नेहमीची माणसं गाडीत बसवा, सपाट जागी उभी करा आणि चेंबर, सायलेन्सरचा पाइप, पुढचा बंपर, जे सगळ्यात खाली असेल तिथून टेपनं मोजा. मग किती खाली न्यायची ते ठरवा.

पैसे वाचवायची एक आयडिया हमखास ऐकू येते. "काहून खर्चात पडता? दीड वेढा कापून देतो ना!" नको. कापलेली स्प्रिंग कडक होते, आणि चाक खड्ड्यात लटकलं की तिच्या बैठकीवरून सुटू शकते. गॅसनं तापवून बसवणं तर त्याहून वाईट. पोलादाचं पाणीच उतरतं, मग ती किती बसेल याचा भरवसा नाही. मापाची लोअरिंग स्प्रिंगच घ्या. मूळ शॉकॲब्सॉर्बर ठेवणार असाल तर २५-३० मिमीवर थांबा. त्याखाली शॉकॲब्सॉर्बरला चालायला जागा उरत नाही, प्रत्येक खड्ड्यात गाडी बंपस्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडथळ्यावर, आपटते. आणि घासते म्हणून नंतर त्याच स्प्रिंगांत रबरी बफर कोंबणारे महाभागही पाहिलेत. मग लोअर कशाला केली, राजा?

एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना पक्के आवळू नका. रबर त्याच स्थितीत पकडलं जातं, गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, वजन पूर्ण, मग शेवटचा पाना.

अलाइनमेंट त्याच दिवशी नको. स्प्रिंग जरा बसू द्या, दोन-तीनशे किलोमीटर चालवा, मग करा. टाळलंत तर टायर आतल्या कडेनं खाल्ला जातो, आणि बाहेरून नक्षी छान दिसत असल्यानं तार निघेपर्यंत कळत नाही. हेडलाइटही तेव्हाच सेट करा.

आवाज ओळखायला शिका. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकट आली तर ड्राइव्हशाफ्टचा जॉइंट पाहा. भरल्या गाडीत खड्ड्यावर रबराचा वास आला तर टायर चाकावरच्या आतल्या प्लास्टिकच्या लायनरला लागतोय. बुड जोरात लागलं तर उतरून वाका; चेंबर गळत नसलं, नुसतं चेपलेलं असलं तरी आत तेल ओढणाऱ्या पाइपची जाळी तळाला टेकू शकते. तेलाचा लाल दिवा लागला की इंजिन तिथल्या तिथे बंद. पुढच्या पंपापर्यंत नेऊ, असं म्हणू नका.

ब्रेकरवर तिरकी गाडी घाला, एकेक चाक चढवा. पण डावीकडचा आरसा पाहून, कारण त्याच फटीतून ॲक्टिव्हा निघणार असते. आणि चढण्याआधी ब्रेक सोडा. दाबून ठेवलात तर नाक आणखी खाली जातं.

कागदांचं थोडक्यात: आरसीवरचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाही. बेकायदा फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आरटीओत आधी विचारा, विमा कंपनीला लेखी कळवा.

मी जुन्या मापाचे टायर परत टाकले, २३ मिमी परत मिळाले. स्प्रिंग तशाच आहेत. आई मात्र अजूनही गल्लीच्या तोंडाशी उतरते आणि घरापर्यंत पायी येते.