हातातल्या कन्सोलवरच्या नव्या गेमचं परीक्षण कसं लिहावं

बेळगावच्या शहापुरात आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. ही गोष्ट घडली तेव्हा तो नववीत होता. त्याच्याकडे स्विच लाइट हा निन्टेंडोचा हातातला छोटा कन्सोल आहे, मामाने बाहेरून आणून दिलेला. एका नव्या गेमचं मी भरभरून कौतुक लिहिलं होतं. ते वाचून त्याने दिवाळीचे पैसे, त्यात आजीने दिलेले पैसे घालून तोच गेम घेतला. आठ दिवसांनी जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, गेम भारी आहे म्हणालीस तू, पण अक्षरंच दिसेनात की."

मी तो गेम भावाच्या घरी, स्विच टीव्हीला जोडायच्या डॉकमध्ये ठेवून, 43 इंची टीव्हीवर खेळले होते. लाइट हा टीव्हीला जोडताच येत नाही. म्हणजे त्या मुलाला जो गेम मिळाला, तो मी पाहिलेलाच नव्हता. त्या दिवसापासून माझी परीक्षण लिहायची पद्धत बदलली. ती इथे सांगते. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे कुणाला मराठीतून गेमबद्दल लिहायचं असेल तर उपयोगी पडेल. मराठीत असं लिहिणारे फार थोडे आहेत, आणि वाचणारी मुलं मात्र घरोघरी आहेत.

आधी वहीत चार ओळी

गेम सुरू करण्याआधी लिहून ठेवा: यंत्र कोणतं, गेमची आवृत्ती कितवी, कार्डावर घेतला की डाउनलोड केला, आणि विकत घेतला की कुणी दिला. कुणी फुकट दिला असेल तर ते परीक्षणात वरच सांगा.

यंत्राचं नाव का महत्त्वाचं, याचं ठळक उदाहरण सायबरपंक 2077. डिसेंबर 2020 मध्ये तो आला तेव्हा चांगल्या कॉम्प्युटरवर देखणा चालत होता, आणि जुन्या प्लेस्टेशन 4 वर इतका बिघडलेला होता की प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला. गेम एकच, पण खरेदी करणाऱ्यांचे अनुभव दोन टोकांचे. हाच गेम जून 2025 मध्ये स्विच 2 या निन्टेंडोच्या पुढच्या कन्सोलवर आला, तोही अख्खा 64 जीबीच्या कार्डावर. ही कार्डाची बाब आता प्रत्येक परीक्षणात लिहायला हवी. कारण स्विच 2 चे काही गेम 'गेम-की कार्ड' म्हणून विकले जातात. त्या कार्डावर गेम नसतो, फक्त किल्ली असते. गेम पूर्ण डाउनलोड करावा लागतो. टिळकवाडीत घरात फायबर असलेल्याला त्याचं काही वाटणार नाही. जांबोटीकडच्या एखाद्या गावात मोबाइलच्या डेटावर चाळीस-पन्नास जीबी उतरवायचे म्हणजे किती दिवस, हे तिथल्या मुलालाच विचारा.

मग गेम हातात घेऊन घराबाहेर पडा

माझ्या मते परीक्षणाचा खरा भाग हाच. हातातल्या कन्सोलचा गेम सोफ्यावर बसून तपासू नये. जिथे खेळला जाणार तिथेच तपासावा.

मी कामासाठी आठवड्यातून तीनदा बेळगावहून निपाणीला जाते. काकती, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर आणि निपाणी. सकाळच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली की ऊन उजव्या हाताने थेट स्क्रीनवर येतं. या प्रवासात मी नव्या गेमचे किमान तीन तास काढते, आणि ठरवून पाच गोष्टी बघते.

पहिली, अक्षरं. कंपासपेटीतली पट्टी घ्या आणि स्क्रीनवरच्या संवादातल्या मोठ्या इंग्रजी अक्षराची उंची मोजा. 43 इंची टीव्हीवर जे अक्षर 12 मिलिमीटर असतं, तेच लाइटच्या 5.5 इंची स्क्रीनवर जेमतेम दीड मिलिमीटर होतं. टीव्ही आपण सहा-सात फुटांवरून बघतो आणि कन्सोल सव्वा फुटावरून, हे खरं आहे. तो हिशेब धरला तरी हातातलं अक्षर डोळ्याला लहानच पडतं, आणि बस हलत असते ते वेगळंच. माझा नियम असा: दीड मिलिमीटरपेक्षा लहान अक्षर असेल आणि सेटिंगमध्ये ते मोठं करायची सोय नसेल, तर ते परीक्षणाच्या पहिल्या परिच्छेदात लिहायचं, शेवटी नाही.

दुसरी, ऊन. बरेच नवे गेम गुहेत, रात्रीत, धुक्यात घडतात. ब्राइटनेस पूर्ण करूनही खिडकीजवळ शत्रू दिसत नसेल तर तसं लिहा. अंधाऱ्या भागातली वाट उन्हात दिसते का, हे घरी बसून कळत नाही.

तिसरी, आवाज. एसटीच्या इंजिनात आणि हॉर्नमध्ये गेमचा आवाज ऐकू येत नाही. आवाज पूर्ण बंद करून अर्धा तास खेळा. बलात्रोसारखा पत्त्यांचा गेम आवाजाशिवाय तितकाच रंगतो. शत्रू मागून आल्याची सूचना फक्त आवाजाने देणारा गेम मात्र बसमध्ये खेळण्यासारखा नाही.

चौथी, मधेच थांबणं. हत्तरगीला शेजारी कुणी म्हातारी येऊन बसते, पिशवी द्यावी लागते, कंडक्टर तिकीट मागतो. बटण दाबून यंत्र झोपवलं आणि दहा मिनिटांनी उठवलं तर गेम जिथल्या तिथे आहे का? एकट्याने खेळायचे बहुतेक गेम जिथल्या तिथे असतात. सतत इंटरनेट मागणारे गेम जोडणी तुटली की दारात उभं करतात. अशा गेमची परीक्षा चोर्ला घाटात होते, गोव्याला जाताना रेंज गेली की लगेच.

पाचवी, सेव्ह. आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते आणि चार्जिंग संपतं. गेम स्वतःहून किती मिनिटांनी सेव्ह होतो, की ठरावीक जागी पोचल्यावरच होतो, हे घड्याळ लावून बघा. सप्टेंबर 2025 मध्ये आलेला हॉलो नाइट: सिल्कसाँग घ्या. त्यात बाकावर बसलं की आपली जागा ठरते, मेलात की शेवटच्या बाकापासून पुन्हा चालायचं. गेम उत्तम आहे, ऑस्ट्रेलियातल्या टीम चेरी या छोट्या चमूने केलेलं काम थक्क करणारं आहे. पण वीस मिनिटांच्या प्रवासात तो खेळणाऱ्याला कधीकधी काहीच हाती लागणार नाही. दोन्ही वाक्यं परीक्षणात हवीत.

मोजता येतं ते मोजा

"गेम स्मूद चालतो" असं लिहिलेलं मी खूप वाचते, आणि त्यातून काही समजत नाही. स्टीम डेक या हातातल्या गेमिंग कॉम्प्युटरवर कोपऱ्यात फ्रेमचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा, आकडा दाखवायची सोय आहे. स्विचवर नाही. तिथे मोबाइल उपयोगी पडतो.

कन्सोल टेबलावर उभा करा. मोबाइलचा स्लो मोशन 240 फ्रेमवर लावा आणि गेममध्ये धावताना दहा सेकंदांचं चित्रण घ्या. मग ते एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. गेम सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल तर प्रत्येक चित्र मोबाइलच्या 4 फ्रेम टिकतं. 30 दाखवत असेल तर 8 फ्रेम. मधेच एखादं चित्र 12 किंवा 16 फ्रेम तसंच राहिलं, तर तिथे गेम अडखळला. कुठे अडखळला ते लिहा: गर्दीच्या बाजारात, पावसात की मोठ्या शत्रूसमोर. याच चित्रणात अंगठा बटणावर पडल्यापासून पात्राने उडी मारेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम म्हणजे सुमारे 4 मिलिसेकंद. उड्यांच्या गेममध्ये हा आकडा चित्रांच्या सौंदर्याहून महत्त्वाचा, कारण "मी वेळेवर दाबलं होतं की!" ही मुलांची तक्रार कधीकधी खरी असते.

लक्षात ठेवा, स्विच डॉकमध्ये 1080p पर्यंत चित्र देतो आणि हातात 720p (आकडा मोठा तितकं चित्र स्पष्ट). स्विच 2 हातात 1080p देतो, टीव्हीवर 4K पर्यंत. म्हणून दोन्हीकडे मोजा, आणि एकाच ठिकाणी मोजलं असेल तर तसं कबूल करा.

बॅटरीचं सोपं आहे. 100 टक्के चार्ज, ब्राइटनेस निम्मा, वाय-फाय बंद, एक तास सलग खेळ. किती टक्के उरले ते लिहा. निन्टेंडो स्वतःच स्विच 2 साठी अंदाजे 2 ते 6.5 तास सांगते. इतका फरक मुख्यतः गेममुळे पडतो, म्हणून वाचकाला सांगायचं कामही आपलं. बंगळूरला राणी चन्नम्मा एक्सप्रेसने निघालेला वाचक हेच विचारणार आहे.

लोडिंगचे सेकंद मोजा आणि पुढे चला.

भाषेबद्दल सांगा, कारण दुसरं कुणी सांगत नाही

परदेशातलं परीक्षण वाचकाला इंग्रजी येतं असं धरूनच लिहिलेलं असतं. आपल्या भागातला मुलगा घरी मराठी बोलतो, बाजारात आणि बसस्टँडवर कन्नड बोलतो, टीव्ही हिंदीत बघतो. तीन भाषा सहज, आणि चौथी इंग्रजी पुस्तकातली. या गेममध्ये मराठी किंवा कन्नड सहसा मिळत नाही. पण इंग्रजी किती लागतं हे सांगता येतं. संवाद बटण दाबल्यावर पुढे जातो की आपोआप सरकतो? आपोआप सरकत असेल तर सावकाश वाचणाऱ्या मुलाची गोष्ट तिथेच सुटते. पुढे कुठे जायचं हे नकाशावर खुणेने दिसतं की वाक्य वाचूनच कळतं? सुपर मारिओ ब्रदर्स वंडर हा ऑक्टोबर 2023 चा गेम एक शब्द न वाचता मजेत खेळता येतो. संवादांवर चालणारे मोठे गेम तसे नाहीत. मी परीक्षणात "इंग्रजी: कमी", "बेताचं", "भरपूर" यातलं एक लिहिते आणि सोबत एक नमुन्याचा प्रसंग सांगते.

दुसऱ्याच्या हातात द्या आणि गप्प बसा

आपण शंभर गेम खेळलेले असतो. आपल्या बोटांना सवय असते. म्हणून गेम अशा एकाच्या हातात द्या ज्याने तो पाहिलेला नाही, आणि पंधरा मिनिटं तोंड उघडू नका. हे फार अवघड जातं.

मी शेजारच्या त्याच मुलाला देते, आणि माझ्या आईलाही. आई कोडी सोडवते, पण कन्सोलवरच्या दोन काठ्या एकदम फिरवणं तिला जमत नाही. डाव्या काठीने चालायचं आणि उजवीने बघायचं म्हटलं की पात्र भिंतीला तोंड लावून उभं. तिने कन्सोल खाली ठेवला ते मिनिट मी वहीत लिहिते. त्या मिनिटाला गेमने काय शिकवायचं राहून गेलं, ते परीक्षणात येतं.

किती खेळून लिहावं

शेवटापर्यंत खेळलंच पाहिजे असं मी मानत नाही. बलात्रोचा एक डाव आठ टप्प्यांचा. पंधरा-वीस डावांत त्याचा स्वभाव कळतो. पण गोष्टीचा गेम अर्धवट टाकून त्याच्या गोष्टीवर निकाल देऊ नये. किती तास खेळलात, कुठवर पोचलात, हे लिहिलं की वाचक बाकीचं समजून घेतो.

आता लिहायला बसा

सुरुवात गेमच्या जन्मकथेने करू नका. वाचकाला आधी कळायला हवं की अंगठ्यांना काय करायचं आहे: उड्या, नेमबाजी, कोडी, शेती की पत्ते. मग तो कुणाला आवडेल. मग तुमच्या वहीतला एक प्रसंग, पूर्ण तपशिलाने. दहा विशेषणांपेक्षा असा एक प्रसंग जास्त सांगून जातो. "ग्राफिक्स अप्रतिम" न लिहिता, पाऊस पडल्यावर दगड निसरडा होतो आणि चढताना पात्र घसरतं, असं लिहा.

गुण द्यायचे की नाही हे तुम्ही ठरवा. जपानच्या फामित्सू मासिकात चार जण वेगवेगळे दहापैकी गुण देतात आणि चाळीसपैकी बेरीज होते. मला ती पद्धत आवडते, कारण चौघांचं पटलं नाही तर ते वाचकाला दिसतं. एकट्याने लिहिताना मी आकडा देत नाही. "पूर्ण किमतीला घ्या", "सेलची वाट बघा" किंवा "मित्राकडून आणून खेळा" एवढं सांगते. आपल्याकडे कार्डं मित्रामित्रांत फिरतात, त्यामुळे तिसरा सल्ला सगळ्यात उपयोगी ठरतो.

आपलं माणूस म्हणून झुकतं माप देऊ नका. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला राजी हा गेम ऑगस्ट 2020 मध्ये आधी स्विचवर आला. जिच्या भावाला राक्षसांनी पळवून नेलं अशी एक पोर, गडकोट, देवळं, सावल्यांच्या बाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट. पहिल्यांदा खेळताना मला भरून आलं होतं. ते मी लिहिलंही. आणि त्यातली मारामारी पुढे पुढे तीच ती होते, हेही लिहिलं. इथल्या मुलाचे पैसे पुण्याच्या गेमलाही तेवढेच लागतात.

शेवटी तारीख घाला. गेम आता अपडेटने बदलतात. 2022 च्या शेवटी आलेले पोकेमॉन स्कार्लेट आणि व्हायोलेट स्विचवर फार अडखळत होते, 2025 मध्ये स्विच 2 साठी अपडेट आल्यावर ते बरेच सुधारले. जुनं परीक्षण पुसू नका. खाली नवी तारीख घालून काय बदललं ते जोडा.

लिहून झालं की मी कागद शेजारच्या मुलाकडे देते. आता दहावीत आहे तो, अभ्यासाच्या टेबलावर कागद ठेवून पेन्सिलने खुणा करतो. मागच्या वेळी एकच खूण होती. "ताई, दोघांना मिळून खेळता येतंय काय ते लिहिलंच नाहीस. बहीण मागायलीय." मी पुन्हा गेम लावला, दोघांचा डाव बघितला, ती ओळ घातली, आणि मगच परीक्षण दिलं.