बेळगाव भागात घर घेतलंत? घराचा विमा का नाकारला जातो, ते आधी समजून घ्या

कोल्हापूर-सांगली-पुण्याकडून इकडे येऊन घर घेणाऱ्यांची पहिली दोन वर्षं कागदपत्रांतच जातात. सात-बाराच्या जागी पहाणी, घरपट्टीच्या नोंदीच्या जागी ई-खाता, बोजा पाहायला ईसी (बोजा दाखला), आणि हे सगळं कन्नडमध्ये. या धांदलीत घराचा विमा मागे पडतो. तो आठवतो जुलैत, नाल्याचं पाणी गल्लीत शिरू लागलं की. नेमका त्याच आठवड्यातला अर्ज नाकारला जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते, कारण दारात आलेल्या संकटाचा विमा कोणी घेत नाही. शिवाय विमा कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार प्रीमियम भरल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. म्हणून हे काम मृगाच्या आधी, मे महिन्यातच उरका.

घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही पॉलिसी मागा. 1 एप्रिल 2021 पासून आगीचा विमा करणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ती ठेवावीच लागते. मजकूर सगळीकडे सारखा, पण प्रीमियम किती आणि कोणतं घर स्वीकारायचं हे ज्याची ती कंपनी ठरवते. त्यामुळे एकीने नाही म्हटलं म्हणजे दारं बंद झाली असं नाही.

गृहकर्ज घेतलं असेल तर बँकेने कोणता विमा केलाय तो कागद हातात घेऊन वाचा. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा असतो. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल, पण भिंत पडली तर त्यातून एक रुपया येणार नाही.

आता नकाराची कारणं. आमच्या भागात सर्वांत जास्त अडतं ते वापरावर. गृह रक्षा फक्त राहत्या घरासाठी आहे. शहापूर, वडगाव, खासबाग इथे खालच्या खोलीत विणकामाचा माग आणि वर संसार अशी घरं गल्लीगल्लीत आहेत. निपाणीकडे परसातल्या खोलीत तंबाखू साठवलेला असतो. रस्त्यालगतच्या घरांत पुढे किराणा दुकान, मागे स्वयंपाकघर. अर्जात 'निवासी' लिहिलं आणि पाहणीला आलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकू आला, की अर्ज तिथेच थांबतो. आणि पाहणी न होता पॉलिसी मिळालीच, तर ते जास्त वाईट. वर्षानुवर्षं प्रीमियम जातो आणि आग लागल्यावर खोटी माहिती दिली म्हणून दावा नाकारला जातो. अशा घरासाठी मार्ग आहे. धंद्याचा भाग 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा'खाली घ्या (एका ठिकाणची 5 कोटी रुपयांपर्यंतची मालमत्ता त्यात बसते) आणि राहता भाग वेगळा दाखवा. कुठली खोली कशाला वापरता, याचा साधा हाताने काढलेला नकाशा अर्जाला जोडा. विजेचं मीटरही वेगळं असेल तर सांगणं सोपं जातं.

दुसरं कारण बांधकाम. भिंत किंवा छप्पर लाकडी फळ्या, गवत, झावळ्या, बांबू, प्लास्टिक, ताडपत्री यांचं असेल तर पॉलिसीच्या भाषेत ते कच्चं बांधकाम. कंपन्या ते टाळतात किंवा जास्त प्रीमियम लावतात. मंगळुरी कौलं या यादीत नाहीत, त्यामुळे नुसतं कौलारू आहे म्हणून कोणी नाही म्हणत असेल तर कारण लेखी मागा. खानापूर तालुक्यातल्या जुन्या मातीच्या भिंतींच्या घरांची गोष्ट वेगळी. तिथे पाहणी होणार हे धरून चाला आणि पाहणीआधी वासे, भिंतीचा पाया, ओल आलेला भाग नीट करून घ्या. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला जोडला तर जुन्या घराचा अर्ज बराच पुढे सरकतो.

तिसरी चूक रकमेची. टिळकवाडीत घराच्या किमतीतला मोठा वाटा जागेचा असतो आणि नवा माणूस खरेदीखतातला आकडा तसाच अर्जात घालतो. विमा जागेचा नसतो, बांधकामाचा असतो. हिशेब असा: चटई क्षेत्र गुणिले आजचा बांधकाम दर. 900 चौरस फूट म्हणजे साधारण 83.6 चौरस मीटर. दर चौरस फुटाला 2,000 रुपये धरला तर 18 लाख. इमारतीचा विमा घेतला की घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे इथे 3 लाख 60 हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं. कमाल मर्यादा 10 लाख. सोन्याचे दागिने त्यात धरू नका, ते वेगळे नोंदवावे लागतात. रोख रक्कम बसतच नाही.

चौथं नावाचं. महाराष्ट्रातल्या आधारवर 'सुरेश आप्पासाहेब पाटील', ई-खात्यावर 'पाटील एस. ए.', वीजबिल अजून जुन्या मालकाच्या नावावर. पॉलिसी काढताना हे खपून जातं, दाव्याच्या वेळी खपत नाही. खाता म्हणजे मालकी नव्हे, ती कराची नोंद आहे. मालकी खरेदीखताने सिद्ध होते, म्हणून पॉलिसीवरचं नाव खरेदीखताप्रमाणे ठेवा आणि खाता, हेस्कॉमचं (इथली वीज कंपनी) बिल त्याला जुळवून घ्या. गुंठ्यावर घेतलेल्या, एनए (बिगरशेती) न झालेल्या जागेवरचं घर असेल तर कंपनीला आधीच सांगा. भाड्याने राहत असाल तर इमारत सोडा, फक्त सामानाचा विमा घ्या.

पुराचं सविस्तर सांगायला हवं. चिकोडी-निपाणीकडे दूधगंगा-वेदगंगा, अथणी-कागवाडकडे कृष्णा, गोकाकला घटप्रभा, बेळगावला बळ्ळारी नाला. 2019 च्या ऑगस्टात या भागाने काय पाहिलं ते शेजाऱ्यांना विचारा, आणि घर घेण्याआधीच विचारा: पाणी कुठपर्यंत आलं होतं? भिंतीवरची खूण दाखवतील. ती उंची अर्जात खरी लिहा. जोत्याची उंची वाढवली असेल तर तेही लिहा, फोटोसह.

पूर, वादळ आणि पाणी तुंबणं यांचं नुकसान पॉलिसीत धरलं जातं. ओल, झिरपणं, वयोमानाने झालेली झीज धरली जात नाही. भिंत पुराच्या पाण्याने पडली की वर्षानुवर्षं भिजून, यावर दावा ठरतो. इथे पंचनामा कन्नडमध्ये होतो. कन्नडात 'प्रवाह' किंवा 'नेरे' म्हणजे पूर, 'मळे' म्हणजे पाऊस, 'हळेय' म्हणजे जुनं, 'गोडे' म्हणजे भिंत. आपल्याला 'मळे' वाचून शेत आठवतं आणि आपण सही करून मोकळे होतो. घरात पाणी शिरलं असताना कागदावर नुसतं पावसाने जुनी भिंत पडली असं उतरलं, तर दावा अडकतो. सही करण्याआधी कन्नड येणाऱ्या शेजाऱ्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या आणि जे घडलं तेच लिहून मागा. पाण्याची खूण भिंतीवर आहे तोवर मोजपट्टी लावून फोटो काढा.

काळ्या मातीतली घरं हा आणखी एक विषय. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि पाया उथळ असेल तर भिंतीला तिरक्या चिरा जातात. जमीन खचल्याचं नुकसान पॉलिसीत आहे. पण नेहमीच्या चिरा, नव्या बांधकामाचं बसणं, भराव टाकलेल्या जमिनीचं सरकणं आणि सदोष बांधकाम वगळलेलं आहे. शेतातला खड्डा बुजवून प्लॉट पाडलेले असतात, तिथे हे जास्त लागू पडतं. चिरा दिसत असताना विमा मागितला तर आधी दुरुस्ती करा असंच उत्तर येतं.

वायरिंगमध्ये तीन गोष्टी पाहा: अर्थिंग, एमसीबी (भार वाढला की वीज तोडणारा स्विच) आणि 30 मिलीअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की ती तोडणारा स्विच). मंजूर भार 2 किलोवॅट आणि घरात गिझर, एसी, मोटर असेल तर हेस्कॉमकडून भार वाढवून घ्या. शॉर्टसर्किटने फ्रिज जळाला तर त्या फ्रिजचे पैसे मिळत नाहीत. त्यातून पसरलेल्या आगीचं इतर नुकसान मात्र धरलं जातं.

घर महिनोन् महिने बंद ठेवून गावी जाणार असाल तर कंपनीला लेखी कळवा, विशेषतः चोरीचा वेगळा विमा घेतला असेल तर. त्यात बंद घराची मुदत लिहिलेली असते.

नकार आलाच तर कारण ईमेलवर मागा. फोनवरचं 'सिस्टिम घेत नाही' हे कारण नव्हे. दुरुस्ती करून, चारही बाजूंचे, छपराचे आणि वीज बोर्डाचे फोटो लावून दुसऱ्या कंपनीकडे जा. पुढच्या अर्जात आधीच्या नकाराबद्दल विचारलं तर लपवू नका. प्रीमियम घेऊनही पॉलिसी दिली नाही किंवा दावा नाकारला, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा, सोबत विमा नियामकाच्या 'बिमा भरोसा' या तक्रार पोर्टलवर नोंद करा. तिथला फोन 155255. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे जाता येतं. 50 लाखांपर्यंतचे वाद ते ऐकतात, फी लागत नाही. कंपनीच्या अखेरच्या उत्तरापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं, म्हणून ते पत्र आलेल्या लिफाफ्यासकट जपून ठेवा.