अंड्याचा रंग कोणासाठी असतो? सोलापुरातून या अभ्यासाकडे वळणाऱ्यांसाठी

"ताई, मला समुद्रपक्ष्यांवर काम करायचंय, पण आपल्या सोलापूरला समुद्रच नाही." दर वर्षी दोन-तीन मुलं तरी मला हे ऐकवतात. मी त्यांना आधी बसवते आणि गिलेमॉटच्या अंड्यांचे फोटो दाखवते. मी स्वतः बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला ते पाहिले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

गिलेमॉट हा उत्तरेकडच्या थंड समुद्रांचा पक्षी. घरटं बांधत नाही. कड्याच्या उघड्या कातळावर एकच अंडं घालतो, आणि दाटी अशी की एका चौरस मीटरला वीसेक जोड्या खेटून उभ्या असतात. एक अंडं गडद हिरवट निळं, त्यावर काळ्या रेघांचा गुंता. शेजारचं पांढरं, जवळजवळ कोरं. तिसऱ्यावर विटकरी ठिपके. पण एक मादी आयुष्यभर साधारण त्याच रंगाचं, त्याच नक्षीचं अंडं घालते. बेआट चान्ट्स या स्विस संशोधकाने १९५० च्या दशकात अंड्यांची अदलाबदल करून पाहिली आणि दाखवून दिलं की हे पक्षी त्या गर्दीत आपलं अंडं रंग आणि नक्षीवरून ओळखतात. म्हणजे इथे रंग आईबापांसाठी आहे.

आता आपल्याकडचा पाणकावळा घ्या. त्याचं अंडं फिकट निळं, वर चुन्याचा पांढरा थर. झाडावर काटक्यांचं घरटं, त्यात कोणीतरी बसलेलं. आपलं घरटं कुठलं हे जागेवरूनच कळतं, अंडं ओळखायची गरज नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या कुरवांचं (इंग्रजीत गल) आणखी वेगळं. प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास करणारे डच शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी काळ्या डोक्याच्या कुरवांवर प्रयोग केले. पिल्लू बाहेर आलं की आईबाप फुटकं टरफल उचलून लांब टाकतात, कारण टरफलाची पांढरी आतली बाजू कावळ्यांना लांबून दिसते. या अंड्यांचा मातकट, ठिपकेदार रंग शत्रूच्या डोळ्यासाठी आहे. कड्यावर घरटं करणारी किटिवेक ही कुरवच, पण ती टरफलं तशीच पडू देते. तिथपर्यंत शत्रूच सहसा पोचत नाही.

नव्या मुलांनी माझ्याकडून एवढंच घ्यावं: हा रंग कोण बघणार आहे, हे आधी विचारा. नाहीतर 'किती सुंदर' यापलीकडे अभ्यास जात नाही.

हा प्रश्न विचारायला समुद्र लागत नाही. आपल्याला उजनी धरण आहे. मार्च-एप्रिलमध्ये पाणी उतरतं, बेटं उघडी पडतात आणि तिथे नदी सुरय (इंग्रजीत रिव्हर टर्न) अंडी घालतात. सुरय आणि कुरव एकाच कुळातले. वेंगुर्ल्याच्या खडकांवर किंवा लक्षद्वीपच्या पक्षी पिट्टी बेटावर अंडी घालणारे समुद्री सुरय हे यांचे जवळचे भाऊबंद. नदी सुरयाच्या खळग्यात दोन-तीन अंडी असतात, राखाडी हिरवट नाहीतर वाळूच्या रंगाची, त्यावर तपकिरी डाग आणि खाली दबल्यासारखे जांभळट ठिपके. दोन पावलांवर अंडी असूनही दिसत नाहीत. म्हणून बेटावर पाय टेकवायच्या आधी दुर्बिणीतून बसलेले पक्षी मोजायचे, जागा कागदावर मांडायच्या, मगच उतरायचं.

माझा पहिला हंगाम वाया गेला, तो का हे सांगते. मी प्रत्येक घरट्याचे फोटो काढले, कॅमेरा ऑटोवर, म्हणजे रंग कसा दिसावा हे कॅमेराच ठरवणार. जूनमध्ये संगणकावर पाहिलं तर एकच अंडं सकाळी साडेसहाला हिरवट आणि आठला भुरं. त्यातून रंगाचं एकही माप निघेना. फोटो गेले याचं दुःख थोडं होतं. त्या फोटोंसाठी मी पक्ष्यांना पुन्हा पुन्हा उठवलं, त्याचं फार वाटलं आणि अजून वाटतं. तेव्हापासून नियम पक्का: रॉ फाइल (कॅमेऱ्याने रंगात फेरफार न केलेली), प्रत्येक फोटोत रंग जुळवायला करडं कार्ड आणि मोजपट्टी, वर पांढऱ्या छत्रीची सावली, म्हणजे उन्हाचा चट्टा पडत नाही. एवढं करूनही आपण पक्ष्यांचा डोळा घेऊन गेलेलो नसतो. त्यांच्या डोळ्यात रंग टिपणाऱ्या शंकूपेशी चार प्रकारच्या, आपल्यात तीन. अतिनील प्रकाश साधा कॅमेरा टिपत नाही. त्यासाठी वेगळी भिंगं, वर्णपटमापी वगैरे लागतं; ते पुढच्या टप्प्यावर.

दुसऱ्या हंगामातले चोवीस फोटो छापून मी घरी फरशीवर पसरले होते. आप्पांनी अख्खी नोकरी पॉवरलूमवर चादरी विणण्यात घालवली. चहाचा कप घेऊन ते शेजारी बसले आणि फोटो सरकवायला लागले. "ही तिघं एका लॉटची हायत बघ. हे चौथं भायेरचं." मी मागचे क्रमांक पाहिले. तिन्ही अकरा नंबरच्या घरट्यातली होती. चोवीसपैकी वीस त्यांनी बरोबर लावली. मी विचारलं, ठिपक्यांवरून ओळखलं का? "ठिपका कुठं बी पडतो. आधी अंगाचा रंग बघ. त्यो लॉटमधनं येतो."

त्यांनी जे बोटाने दाखवलं त्याचं कारण मादीच्या पोटात आहे. कवच गर्भाशयात तयार होतं आणि सगळा रंगसंसार मुख्यतः दोन द्रव्यांवर चालतो. बिलिव्हर्डिन निळा-हिरवा रंग देतं, प्रोटोपॉर्फिरिन तांबूस-तपकिरी. अंगाचा रंग कवचात मुरलेला असतो, तर डाग बरेचसे शेवटी, वरच्या थरात पडतात. डाग पडताना अंडं स्थिर असेल तर ठिपके, फिरत असेल तर रेघा. त्या दिवसापासून मी अंगाचा रंग आणि नक्षी वेगवेगळी मोजते. इमेजजे हे मोफत सॉफ्टवेअर त्याला पुरतं.

आता उन्हाचं. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा बेचाळीसला जातो. सुरय पाण्यात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडी गार ठेवतात. तुम्ही बेटावर उभे आहात तोवर ते बसू शकत नाहीत, म्हणजे अंडी भाजतात. म्हणून मी सूर्य वर यायच्या आत जाते आणि एका घरट्यापाशी दोन मिनिटांवर थांबत नाही. कावळे किंवा घारी घिरट्या घालायला लागल्या की त्या दिवशी काम बंद. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री, शेळ्या-मेंढ्या आत येतात. होडीवाल्या काकांना हे माझ्याआधी कळतं. त्यांच्याशी संबंध जपा, पैसे वेळेवर द्या.

आणि अंडं उचलून घरी आणायचं नाही, एकसुद्धा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. घरट्याशी जाऊन मोजमाप करायचं असेल तर मार्गदर्शकांमार्फत वनखात्याची लेखी परवानगी घ्या. त्यात महिने जातात. मार्चच्या कामाचा अर्ज मी पावसाळ्यातच करते. जुनी अंडी पाहायची असतील तर मुंबईला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह आहे. फक्त संग्रहातले रंग वर्षांगणिक उतरतात, हे लक्षात ठेवून पाहा.

शिक्षणाचा रस्ता सरळ आहे. प्राणिशास्त्रात बीएस्सी, मग एमएस्सी. वन्यजीवशास्त्रच करायचं तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र. जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा कठीण. संख्याशास्त्र आत्तापासून शिका, मी ते उशिरा शिकले आणि त्यात दोन वर्षं गेली.

परवानगी येईपर्यंत हात रिकामे ठेवू नका. पोल्ट्रीवाल्याकडून जपानी लाव्ह्याची म्हणजे बटेरची डझनभर अंडी आणा, शक्यतो दोन-तीन माद्यांची वेगळी ठेवलेली. करड्या कार्डासह फोटो काढा, कॅलिपरने लांबी-रुंदी घ्या, मग फोटो मिसळून कुठलं कोणाचं ते लावून बघा. शेवटी एक अंडं वाटीभर व्हिनेगरमध्ये सोडा. बुडबुडे येतात, काही मिनिटांनी बोट फिरवलं की तपकिरी डाग चिखलासारखे सुटून येतात आणि खालचं फिकट कवच दिसायला लागतं.