एअरवे टाकताना या चुका टाळा

नवीन पोरं ॲम्ब्युलन्सवर आली की पेशंट घोरला रे घोरला, गुडेल (जीभ मागं पडू नये म्हणून तोंडातून घालायची वाकडी एअरवे नळी) काढतात. अरे, आधी हनुवटी उचल. अपघाताचा असेल तर मान न वाकवता जॉ थ्रस्ट दे, म्हणजे जबडा कोनाला धरून पुढं ढकल. घोरणं म्हणजे जीभ मागं पडलेली. कितीदा ते एवढ्यानंच थांबतं.

निपाणीकडच्या एका वस्तीवर शेतातलं औषध प्यालेला माणूस. तोंडाला फेस, घशात गुरगुर. मी ऑक्सिजन जोडेपर्यंत सोबतच्या पोरानं गुडेल आत सारली. माणूस ओकला. कुशीवर वळवलं, सक्शन (घशातलं पाणी, ओकारी ओढून काढायचं मशीन) लावलं, तर त्याची बॅटरी मेलेली! पायाच्या पंपावर भागवलं, पण तोवर व्हायचं ते झालं होतं. ओकारी फुफ्फुसात गेली.

"अण्णा, घोरत होता म्हणून घातलो की!"

"चिमटा काढल्यावर हात झटकत होता, ते बघितलास काय?"

गुरगुर म्हणजे पाणी, तिथं आधी सक्शन. आणि गुडेल फक्त पूर्ण बेशुद्धाला. आत जाताना तो खोकला, उमासे काढले, तर हट्ट न करता काढा. अशाला जेली लावून नाकातली नळी चालते. मात्र डोळ्यांभोवती काळंनिळं, कानामागं निळा डाग, नाकाकानातून पाणी असेल तर कवटीचा तळ फुटल्याची शंका धरा, नाकात काही घालू नका.

दुसरी चीड मापाची. 80, 90, 100 मिमी असे मोठ्यांचे आकार असताना 'सगळ्यांना 90' हा कसला शॉर्टकट? लहान पडली तर जीभ आणखी मागं ढकलते, मोठी झाली तर एपिग्लॉटिस (श्वासनळीवरची झडप) दाबून वाटच बंद करते. ओठांच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत धरायची. मी पाकिटासकट गालाला लावून बघतो, मगच फोडतो.

गुडेल उलट्या बाजूनं आत घालून मग फिरवायची पद्धत मोठ्यांची; लहान मुलांत जीभ दाबून सरळच घाला.

सक्शन एका वेळी दहा सेकंद, बास.

अंबू बॅग (मास्कमधून श्वास द्यायची हातानं दाबायची पिशवी) घाईघाईनं दाबली की हवा पोटात जाते आणि पुन्हा ओकारी. सहा सेकंदांना एक, छाती जरा उचलेल एवढीच. घाटात गाडी हलते तेव्हा एकट्यानं मास्क धरण्याची मर्दुमकी नको. एकानं दोन्ही हातांनी धरावा, दुसऱ्यानं दाबावी. गुडेल बसली म्हणून जबडा सोडायचा नसतो.

ड्युटीवर आलो की मी आधी पाण्याच्या तांब्यात सक्शन चालवून बघतो. डिझेलचा काटा नंतर.