गावातल्या घरी संगणकाचे अपडेट : वेळ आपण ठरवावी

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, तालुक्याच्या ठिकाणापासून बरेच आत आहे. काही वर्षांपूर्वी जुलैच्या एका संध्याकाळी मुलगी प्रवेश फेरीचा अर्ज भरत असताना संगणकाने अपडेटसाठी रीस्टार्टची परवानगी मागितली, तिने घाईत होकार दिला, आणि पडद्यावर चौसष्ट टक्क्यांचा आकडा दिसत असताना लाइन गेली. यूपीएसने, म्हणजे लाइन गेल्यावर संगणकाला थोडा वेळ वीज देणाऱ्या बॅटरीच्या डब्याने, चार वेळा आवाज दिला आणि तोही बंद पडला. लाइन रात्री साडेदहानंतर आली. त्यानंतर तासभराहून अधिक वेळ ‘केलेले बदल मागे घेतले जात आहेत’ एवढाच मजकूर आमच्यासमोर होता. अर्ज दुसऱ्या दिवशी सकाळी तालुक्याला जाऊन भरला. त्याच दिवशी दुरुस्तीच्या एका दुकानात संगणक दाखवला, तेव्हा तिथल्या माणसाने अपडेटची सेवाच कायमची बंद करून दिली आणि आता त्रास होणार नाही असे सांगितले.

त्रास झाला नाही हे खरे. परंतु पुढे दीड वर्षाने मी सहज ‘अपडेट हिस्टरी’ उघडली, तेव्हा शेवटची नोंद त्या जुलैचीच होती. ज्या संगणकावर आम्ही बँकेचे व्यवहार करतो, वडिलांच्या पेन्शनची कागदपत्रे ठेवतो आणि सातबारा उतरवून घेतो, तो दीड वर्ष दार उघडे टाकून बसला होता. म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की अपडेट बंद करू नये, त्याची वेळ आपण ठरवावी. लाइन, डेटा आणि घरातली कामे या तीन गोष्टी पाहून ती वेळ कशी ठरवायची, हे मी पुढे विंडोज ११ डोळ्यांसमोर ठेवून लिहीत आहे.

अपडेट टाळण्याची किंमत किती मोठी असते, हे २०१७ साली जगाने पाहिले. विंडोजमधील एका त्रुटीवरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी दिली होती, आणि त्याच त्रुटीचा फायदा घेणारा वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम १२ मे २०१७ रोजी पसरला. मधल्या जवळपास दोन महिन्यांत ज्यांनी अपडेट घेतले होते त्यांचे संगणक त्या मार्गाने होणाऱ्या हल्ल्यापासून वाचले. ज्यांनी घेतले नव्हते अशा असंख्य लोकांच्या फायलींना कुलूप लागले. त्या प्रोग्रामला एका संगणकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी कोणी चुकीची लिंक दाबण्याचीही गरज पडत नव्हती.

आता अपडेट कसे चालते ते समजून घ्यावे, कारण धोका नेमका कुठे आहे हे कळले की भीती पुष्कळ कमी होते. या कामाचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात फायली डाउनलोड होतात. त्या वेळी लाइन गेली तरी काही बिघडत नाही, कारण डाउनलोड जिथे थांबले तिथून बहुधा पुन्हा सुरू होते. दुसऱ्या टप्प्यात विंडोज चालू असतानाच मागच्या बाजूला तयारी होते. तिसरा टप्पा रीस्टार्टचा. निळ्या किंवा काळ्या पडद्यावर चक्र फिरत असते आणि टक्के वाढत असतात, तेव्हा प्रत्यक्ष फायली बदलल्या जात असतात. सांभाळायचा असतो तो हा तिसरा टप्पाच. एकदा शेजारच्या काकाजींचा फोन आला, “भाऊ, हे चक्र कवापासून फिरून राह्यलं, बटन बंद करू का?” त्यांना मी जे सांगितले तेच इथे सांगतो : जुन्या हार्ड डिस्कच्या संगणकावर टक्क्यांचा आकडा वीस-वीस, तीस-तीस मिनिटे एकाच जागी थांबू शकतो. डिस्कचा लहान दिवा लुकलुकत असेल तोवर बटणाला हात लावू नये.

दर महिन्याची सुरक्षेची अपडेट्स मायक्रोसॉफ्ट त्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी देते. ही प्रथा २००३ सालापासून आहे. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळ असते तेव्हा आपल्याकडे मंगळवारची रात्र झालेली असते, त्यामुळे आपल्या संगणकावर ती बुधवारी किंवा त्यानंतर दिसतात. पहिल्याच दिवशी ती घ्यावीत असे मला वाटत नाही. एखाद्या अपडेटमध्ये दोष असेल, प्रिंटर बंद पडणे किंवा संगणक वारंवार रीस्टार्ट होणे असे काही होत असेल, तर ते आठवड्याभरात बहुधा उघडकीस येते. म्हणून मी ‘सेटिंग्ज’मधल्या ‘विंडोज अपडेट’मध्ये जाऊन ‘पॉज अपडेट्स’ला एक आठवडा देतो आणि त्यानंतरच्या रविवारी काम उरकतो. या सोयीने पाच आठवड्यांपर्यंत थांबता येते आणि मुदत संपली की पुन्हा थांबवण्याआधी अपडेट घ्यावेच लागते. पण पाचही आठवडे वापरू नयेत. महिन्याच्या शेवटी येणारी ‘प्रीव्ह्यू’ नावाची अपडेट्स ऐच्छिक असतात, ती घरच्या संगणकाला नकोत. त्याच पानावर ‘उपलब्ध होताच नवी अपडेट्स मिळवा’ अशा अर्थाचे एक बटण आहे, तेही बंद ठेवावे.

आमच्याकडे बहुतेक घरांत इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, आणि रोजचा डेटा दीड किंवा दोन जीबी. महिन्याचे एक अपडेट कित्येकदा काही शे एमबीचे असते, आणि विंडोजची पूर्ण नवी आवृत्ती काही जीबींची. सकाळी हॉटस्पॉट जोडला आणि दुपारी मुलाचा क्लास सुरू होण्याआधीच डेटा संपला, हे ज्यांच्या घरी घडले त्यांनी ‘मीटर्ड कनेक्शन’ ही सोय वापरायलाच हवी. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’, तिथे ‘वाय-फाय’, तिथे जोडलेल्या नेटवर्कचे ‘प्रॉपर्टीज’ उघडले की हे बटण सापडते. ते चालू केले की विंडोज मोठी डाउनलोड्स आपणहून सुरू करत नाही. यात दोन गोष्टी लोकांच्या ध्यानात येत नाहीत. पहिली, ही सोय प्रत्येक नेटवर्कसाठी वेगळी लावावी लागते. वडिलांच्या फोनसाठी लावली म्हणजे आईच्या फोनसाठी लागली असे होत नाही. दुसरी, फोन वायरने जोडला तर संगणक त्याला वाय-फाय न समजता ‘इथरनेट’ समजतो, त्यामुळे तिथेही ती स्वतंत्रपणे चालू करावी लागते. अपडेटच्या रविवारी ज्या फोनचा दिवसभराचा डेटा शिल्लक आहे त्याच्यापुरती ही सोय बंद करावी, डाउनलोड होऊ द्यावे आणि काम झाले की लगेच पुन्हा चालू करावी. घरात दोन संगणक असतील तर ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधल्या ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’मध्ये, म्हणजे एका संगणकाने उतरवलेले अपडेट दुसऱ्याला देण्याच्या सोयीत, फक्त आपल्या स्थानिक नेटवर्कवरच्या संगणकांना परवानगी द्यावी. इंटरनेटवरच्या अनोळखी संगणकांना देऊ नये, कारण त्यात आपला डेटा बाहेर पाठवण्यातही खर्च होतो.

लाइनचा प्रश्न याहून अवघड आहे. वादळी पावसाच्या दिवसांत, आभाळ भरून आले असताना रीस्टार्टला होकार देऊ नये, हे सांगण्याची खरे तर गरज नाही. पण त्या जुलैच्या संध्याकाळी आभाळ भरलेलेच होते, म्हणून सांगतो. लॅपटॉप असेल तर बॅटरी पूर्ण भरून घ्यावी आणि चार्जर लावूनच काम करावे. डेस्कटॉप असेल तर आधी यूपीएसची परीक्षा घ्यावी. उघडी कामे जतन करून संगणक चालू ठेवावा, यूपीएसवर फक्त सीपीयू आणि मॉनिटर असू द्यावेत, आणि भिंतीवरच्या बोर्डातून यूपीएसचा प्लग काढून घड्याळ पाहावे. आमचा यूपीएस एक मिनिटही टिकला नाही. झाकण उघडले तर आतली बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी दोन्ही बाजूंनी फुगलेली होती. विदर्भातला उन्हाळा ज्या खोलीत पंखाही गरम वारा फेकतो तिथे अशा बॅटरीला फार वर्षे जगू देत नाही. बॅटरी बदलल्यावर त्याच यूपीएसने पुरेशी मिनिटे दिली. एवढ्या वेळात पूर्ण अपडेट होईलच असे नाही, पण दिवसातून दहा वेळा लाइन डोळा मिचकावल्यासारखी जाते-येते, तेवढे झटके तो निश्चित पचवतो. ज्यांच्या घरी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर आहे त्यांनी संगणकाचा प्लग त्या लाइनवर घ्यावा आणि इन्व्हर्टरच्या मागे ‘यूपीएस मोड’चा स्विच असेल तर तो चालू करावा. तसे केले नाही तर लाइन बदलण्याच्या त्या क्षणी पंखे फिरत राहतात आणि संगणक मात्र बंद पडतो.

कापसाच्या घरांसाठी आणखी एक गोष्ट. भाव येईपर्यंत कापूस घरातच साठवतात आणि बहुधा संगणक असतो त्याच खोलीच्या शेजारी. मागच्या हंगामानंतर मी सीपीयूची बाजूची पत्री काढली, तर पंख्याच्या जाळीवर कापसाच्या बारीक तंतूंचा थर नमद्यासारखा बसला होता. अपडेटच्या वेळी प्रोसेसर बराच वेळ जोरात चालतो आणि हवा न मिळाल्याने तापून संगणक मध्येच बंद पडू शकतो. संगणक बंद करून, प्लग काढून, मऊ ब्रशने ही जाळी साफ करावी आणि मे महिन्यात हे काम दुपारी न करता पहाटे करावे.

रीस्टार्टची वेळ आपल्या हाती ठेवण्यासाठी ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ आहे. यात दिलेल्या तासांत विंडोज आपणहून रीस्टार्ट होत नाही, आणि जास्तीत जास्त अठरा तास देता येतात. मी पहाटे पाच ते रात्री अकरा असे दिले आहेत. रात्री अकरानंतर आमचा संगणक बंदच असतो. शेजारीच रीस्टार्टची सूचना देण्याचे बटण आहे, ते चालू करावे. रात्री बंद करताना ‘अपडेट अँड शटडाउन’ असे दिसले आणि ते दाबले, तर पडदा काळा झाला म्हणून लगेच बोर्डाचे बटण बंद करू नये, कारण त्यानंतर संगणक एकदा पुन्हा चालू होऊन उरलेले काम करू शकतो. पंखा थांबला आणि दिवा विझला की मगच बोर्डाला हात लावावा.

रीस्टार्टआधी महत्त्वाच्या फायलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. गुणपत्रिका, जातीचा दाखला, सातबारा, पासबुकाची पाने आणि घरातले फोटो एवढे तरी असावेत, आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावी. सी ड्राइव्हवर वीसेक जीबी जागा मोकळी असावी. नव्या संगणकांवर डिस्क अनेकदा बिटलॉकरच्या पद्धतीने कुलूपबंद असते आणि एखाद्या अपडेटनंतर संगणक अठ्ठेचाळीस अंकी रिकव्हरी की मागू शकतो. ही की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती आजच पाहून वहीत लिहून ठेवावी, कारण ज्या दिवशी ती लागते त्या दिवशी संगणक उघडत नाही. ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये कधी बायॉस किंवा फर्मवेअरचे, म्हणजे संगणकाच्या यंत्रातच बसवलेल्या मूळ प्रोग्रामचे, अपडेट दिसते. ते अर्ध्यात लाइन गेल्यास मदरबोर्डच, म्हणजे संगणकाचा आतला मुख्य भागच, निकामी होऊ शकतो, म्हणून विजेचा खात्रीचा बॅकअप असल्याशिवाय आणि ठोस कारण असल्याशिवाय त्याला हात लावू नये.

एवढे करूनही रीस्टार्टच्या मध्येच लाइन गेलीच, तर घाबरू नये. लाइन स्थिर झाल्यावर संगणक चालू करावा. विंडोज बहुतेक वेळा आपणहून जुन्या स्थितीत परत जाते. लागोपाठ दोन-तीन वेळा ते सुरूच झाले नाही तर दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथे ‘ट्रबलशूट’, मग ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’, मग ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ या मार्गाने शेवटचे अपडेट काढता येते आणि त्यात आपल्या फायली जात नाहीत. विंडोजच्या पूर्ण नव्या आवृत्तीनंतर त्रास झाला तर दहा दिवसांत ‘रिकव्हरी’मधल्या ‘गो बॅक’ने मागे येता येते. म्हणून ते दहा दिवस जागा वाढवण्यासाठी जुन्या विंडोजच्या फायली पुसू नयेत.

ज्यांच्याकडे अजून विंडोज १० आहे त्यांचे नियमित अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. घरगुती वापरासाठी सुरक्षा अपडेटची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जाहीर झाली आहे. तिच्यासाठी संगणकावर २२एच२ ही आवृत्ती लागते, आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे न देता नोंदणी होते. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागत असल्याने जुने संगणक अडतात. अशा संगणकावर फक्त ब्राउझर आणि टायपिंगचे काम असेल तर मी विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स मिंट या मोफत प्रणालीचा विचार करायला सांगेन.

अपडेट पूर्ण झाल्यावर मी चार गोष्टी पाहतो : ‘अपडेट हिस्टरी’त त्या तारखेची यशस्वी नोंद आहे का, प्रिंटरवर एक पान निघते का, मराठी कळफलक चालतो का, आणि बँकेची वेबसाइट उघडते का. हे झाले की यूपीएसवर चिकटवलेल्या कागदावर तारीख लिहितो. त्याच कागदावर वरच्या बाजूला बॅटरी बदलल्याची तारीख आहे.