बेळगावहून सॅन फ्रान्सिस्कोला निघताना

बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर सुमारे १४,००० किलोमीटर आणि थेट विमान असलं तर साधारण १७ तास, एवढं मोबाईलवर लगेच कळतं. लेकाकडे-लेकीकडे निघालेल्या आईबाबांनी मात्र तयारी या आकड्यावर बेतू नये. तास मोजायचे ते खानापूर, निपाणी, शहापूर, जिथल्या दाराला कुलूप लावणार तिथून. फ्रँकफर्टवरून गेलात तर पहिला टप्पा दहाएक तासांचा, दुसरा साडेअकराचा, मधलं थांबणं वेगळं.

म्हणून तिकीट काढतानाच सांबऱ्याच्या (बेळगावच्या) विमानतळापासून सगळा प्रवास एकाच तिकिटावर बसतो का ते आधी बघा. दोन वेगळी तिकिटं असली आणि पावसामुळे इथलं विमान रखडलं, तर पुढचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. शिवाय देशांतर्गत तिकिटावर बॅगेला बहुधा १५ किलोच मिळतात. वेगळं तिकीट काढायची वेळ आलीच तर आदल्या दिवशीच बेंगळूर गाठा. रात्रीची बस किंवा राणी चन्नम्मा एक्स्प्रेस चालेल, पण देवनहळ्ळीचा विमानतळ शहरापासून बराच लांब आहे, तिथल्या गर्दीचा वेळ हाताशी ठेवा. तिकिटावरचं नाव पासपोर्टशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच सांगून ठेवा, त्यात संकोच कसला?

तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात, त्यामुळे वजाबाकी करून प्रवासाचे तास निघत नाहीत. उन्हाळ्यात कॅलिफोर्निया आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा. जूनमध्ये बेंगळूरहून दुपारी दोनला सुटलेलं थेट विमान १७ तासांनी उतरलं, तर तिथं त्याच तारखेचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. वाऱ्याप्रमाणे तास थोडे कमीजास्त होतात. वाटही नकाशात दिसते तशी सरळ नसते, पृथ्वी गोल असल्याने जवळचा रस्ता पार उत्तरेकडून जातो. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळूरला आलेलं एअर इंडियाचं पहिलं थेट विमान उत्तर ध्रुवावरून आलं होतं.

सगळ्यात जास्त लक्ष औषधांकडे द्या. शुगर-बीपीच्या गोळ्या पाकिटांसकट आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत घ्या, कारण मोठी बॅग मागे राहू शकते. इन्सुलिनही हातातच ठेवा, खालच्या सामानात ते गोठण्याची भीती असते. घड्याळ एवढं फिरल्यावर डोस कधी घ्यायचा हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या, अंदाजाने घेऊ नका. विमानात तासा-दीड तासाने उठून चार पावलं चाला, पाणी पीत राहा. एकाच जागी पाय लोंबकळत ठेवून बसलं की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत. करदंट, चटण्या मोठ्या बॅगेत बांधा. ताजा कढीपत्ता, फळं, बियाणं नकोच. उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं, तर आहेत म्हणून सांगा, लपवलं तर दंड बसतो. मुलाचा पत्ता, फोन आणि परतीची तारीख इंग्रजीत कागदावर लिहून पासपोर्टमध्ये घाला. इमिग्रेशनच्या खिडकीवर हेच विचारतात आणि नेमकी त्याच वेळी मोबाईलला रेंज नसते.