माणूस उठेना आणि सीटी नॉर्मल? मग पर्शेरॉनचा स्ट्रोक आठवा

रोज गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जाणारे अण्णा दुपारचे दोन वाजले तरी उठेनात, हलवलं की "हं" म्हणतात आणि परत घोरायला लागतात, घरचे म्हणतात काल तांबडा-पांढरा जास्त झाला असणार. तोंड वाकडं नाही, हातपाय हलतायत, मग स्ट्रोक कुणाच्या डोक्यात येणार? हितंच फसतोय आपण.

थॅलॅमस मेंदूच्या मधोमध, डावा न् उजवा. जागं राहणं, आठवण, बरंच काही त्याच्यावर. दोघांना सहसा वेगवेगळ्या बारीक रक्तवाहिन्या असतात, पण थोड्या लोकांत एकाच बाजूनं निघालेली एकच नळी दोन्हीकडं फुटते. फ्रेंच डॉक्टर गेरार पर्शेरॉन यांनी १९७३ मध्ये ती मांडली म्हणून त्यांचं नाव. ती तुंबली की दोन्ही थॅलॅमस एकदम बंद.

घरच्यांनी एवढंच करायचं, १०८ ला फोन आणि शेवटचं नीट कधी बोलले ती वेळ पक्की सांगायची, "सकाळी असतील" असलं नको, कारण गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

कॅज्युअल्टीत आधी शुगर बघा, झोपेच्या गोळ्या-दारूचं विचारा. मग पापण्या उचलून डोळे बघाच, हे लई जण विसरतात. बोट डावीउजवीकडं नेलं तर नजर जाते पण वर-खाली अडकते, किंवा बाहुल्या लहानमोठ्या दिसतात? मग संशय पक्का धरा. मधेच जागा होऊन बोलला तर "बरा झाला" म्हणू नका, ही गुंगी कमीजास्त होते, त्या वेळात तीन शब्द सांगून पाच मिनिटांनी परत विचारा, बऱ्याचदा आठवतच नाहीत.

सीटी करायचाच, रक्तस्राव नाही ना ते कळतं, पण पहिल्या काही तासात तो नॉर्मल दिसू शकतो आणि तेवढ्यावर पेशंट घरी पाठवणं म्हणजे घोळच. एमआरआय डिफ्युजन मागा, म्हणजे ताजा स्ट्रोक दाखवणारा एमआरआय. मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूला पांढरे ठिपके, कधीकधी खाली मिडब्रेनमध्ये (थॅलॅमसच्या खालचा मेंदूचा भाग) इंग्रजी व्ही सारखी रेघ. मेंदूच्या रक्तवाहिन्यांची अँजिओ नॉर्मल आली तरी निदान सोडू नका, ही नळी इतकी बारीक की बहुतेक वेळा दिसतच नाही.

पण दोन्ही थॅलॅमस पांढरे म्हणजे पर्शेरॉनच असंही नाही हं. खोल शिरेत गुठळी झाली तरी तसंच दिसतं आणि उपचार वेगळे, म्हणून व्हेनोग्राफी (मेंदूतल्या शिरांचा स्कॅन) बघून घ्या. थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) कमी पडलं तरी असंच दिसू शकतं, म्हणून दारू पिणारा किंवा खूप उलट्या झालेला पेशंट असेल तर रिपोर्टची वाट न बघता ते चालू करा. आणि ईसीजी विसरू नका, ठोके अनियमित असतील तर गुठळी हृदयातनंच आलेली असू शकते.